रशियन उच्चारांचा मराठी सराव-संच: प्रकल्प नोंदी

१४ एप्रिल २०२४

काम ठरलं. सप्टेंबरात रशियाला एमबीबीएसला जाणाऱ्या मराठी मुलांसाठी उच्चारांचा सराव-संच करायचा, ऐकून म्हणायचा. शिकवणं इंग्रजीत चालतं, पण क्लिनिकल वर्षं सुरू झाली की वॉर्डात उभं राहावं लागतं आणि खाटेवरची आजीबाई रशियनच बोलते. म्हणून शब्द शक्यतो दवाखान्यातले: डोकं, पोट, ताप, रक्त, "श्वास घ्या", "काय होतंय".

आवाज देणाऱ्या बाई मूळच्या सेंट पीटर्सबर्गच्या, लग्नानंतर पुण्यात. मराठी छान बोलतात, फक्त 'घर'चं 'गर' आणि 'भात'चं 'बात' होतं. रशियनमध्ये महाप्राण नाहीतच. आपली मुलं तिकडं जाऊन अडखळणार ती वेगळ्याच ठिकाणी.

हाताशी असलेली पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली. पहिले धडे कशावर? क-त-प म्हणताना हवा सोडू नका, त-द दातांवर म्हणा, र थरथरवा. मराठी मुलाला यातलं काही शिकवायला नको, बालवाडीतच येतं. त्याची खरी गाडी अडते तिथं मात्र पुस्तक दोन ओळींत पुढं सरकतं. तेव्हा यादी सिरिलिक मुळाक्षरांच्या क्रमाने करायची नाही. मराठी तोंडात आहे ते, जवळपास आहे ते आणि अजिबात नाही ते, अशी लावायची.

१९ एप्रिल

पहिला खर्डा. आयते मिळालेले: साधे क, त, प, द, र. दोन्ही च सुद्धा. 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च ही रशियनमध्ये दोन स्वतंत्र अक्षरं आहेत, आणि आपल्याकडं एकट्या 'चिंच' शब्दात दोन्ही बसलेत.

पण इथं एक मेख आहे. मराठीत इ किंवा ए पुढं आला की 'चाक'वाला च टिकत नाही, लगेच 'चार'वाला होतो: 'आमचा' आणि 'आमचे' म्हणून बघावं. रशियनमध्ये तो टिकतो. किंमत या अर्थाचा शब्द 'त्सि॒ना॑', तो मुलं 'चेना' म्हणणार. म्हणजे 'आयते'च्या यादीतही तळटीप हवी.

२४ एप्रिल

लिपीवर दिवस गेला. मुलांना सिरिलिक वाचता येते, पण रशियन छपाईत आघाताची (जोर कुठल्या अक्षरावर द्यायचा त्याची) खूण नसते आणि लिहिलं तसं बोललंही जात नाही. म्हणून प्रत्येक शब्दाखाली देवनागरी द्यायची. ठरलेलं असं:

ज़, ख़, फ़ यांना नुक्ता. तसाच झ़ ला. टाळूकडं झुकलेल्या व्यंजनाला य जोडायचा नाही, नुसती खूण: त’, म’, ल’. य दिसला की मराठी तोंड य म्हणणारच. इ आणि उ यांच्या मधला तो कुप्रसिद्ध स्वर: खाली आडवी रेघ, इ॒. आघात: वर उभी रेघ, गलावा॑. दोन्ही रेघा वेदपाठाच्या छपाईतून उचलल्या, फॉन्टमध्ये तयार असतात. (ऋग्वेदात वरची उभी रेघ स्वरिताची, उदात्ताला खूणच नसते. वैदिकांनी क्षमा करावी.)

नावाचाही घोळ होता. रशियन व्याकरणातली 'कठोर' आणि 'मृदू' व्यंजनं तशीच मराठीत आणली तर मुलं क आणि ग समजतील, कारण शाळेच्या व्याकरणात कठोर-मृदू म्हणजे अघोष-घोष. आम्ही 'साधं' आणि 'टाळूचं' म्हणायचं.

२ मे

चाचणीला चौघं मिळाले: लातूर, अकोला, नाशिक, मालवण. आज फक्त ऐकायचं, बोलायचं नाही. जोडीतला कोणता शब्द वाजला ते सांगायचं.

'षार' (फुगा, गोळा) आणि 'झ़ार' (ताप): सगळ्यांना लगेच कळलं. 'बि॒त’' (असणं) आणि 'बित’' (मारणं): बऱ्यापैकी. 'ब्रात' (भाऊ) आणि 'ब्रात’' (घेणं): चक्क अंदाजपंचे. लातूरचा म्हणाला, "दादा, एकच फाईल दोनदा लावली ना तुम्ही?" दोन वेगळ्या फायली होत्या.

आधी कान, मग जीभ, हा क्रम पक्का. जपानी लोकांना र आणि ल वेगळे ऐकू येण्यासाठी अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात झालेले प्रयोग (१९९१ आणि १९९३ चे लेख) हेच सांगतात: एकाच आवाजावर सराव केला तर कान त्या माणसाला ओळखायला शिकतो, ध्वनीला नाही. अनेक आवाज हवेत, अनेक शब्द हवेत, आणि चूक झाली की लगेच कळायला हवी. बाईंच्या एकटीच्या आवाजावर भागणार नाही. पुरुषाचा आवाज शोधायला घेतला.

९ मे

इ॒. बाईंच्या मते परदेशी माणूस या स्वराला उगाच घाबरतो. मराठीतून जायची वाट: तोंडाचा चंबू करून 'ऊ' धरा, जीभ आहे तिथंच ठेवा आणि फक्त ओठ सपाट करा, हसल्यासारखे. जो आवाज येईल तो जरासा पुढं सरकवला की झालं. इ कडून मागं जायचा प्रयत्न केला की मुलं 'ई' आणि 'ए'च्या मधेच घुटमळतात. उ कडून येणं सोपं.

प, ब, म, व यांच्यानंतर तो अजून फसवतो. 'आम्ही' या अर्थाचा 'मि॒' चौघांनाही 'मुई' ऐकू आला. त्यात चूक त्यांची नाही. साध्या म च्या वेळी जिभेचा मागचा भाग वर असतो, त्यामुळं सुरुवातीला उ ची सावली खरोखरच पडते. ती काढायला सांगितलं नाही.

हा स्वर वेगळा मोजायचा की इ चंच एक रूप, यावर मॉस्कोचे आणि लेनिनग्राडचे (म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गचे) भाषाशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले. मॉस्कोवाले म्हणणार एकच, भाषाशास्त्रज्ञ श्शेर्बांची लेनिनग्राडची परंपरा म्हणणार दोन. बाई अर्थातच दुसऱ्या बाजूच्या. संचात आम्ही दोन धरलेत, भांडण संचाबाहेर.

शब्द: 'सि॒प’' (अंगावरचं पुरळ), 'दि॒षि॒त’ए' (श्वास घ्या), 'मि॒ष्का' आणि 'मिष्का' (उंदीर, अस्वल).

१६ मे

ष आणि झ़. आपण ष लिहितो आणि श म्हणतो. तरी खरा ष मराठीतून गेलेला नाही, ट च्या शेजारी लपून बसलाय: 'कष्ट', 'नष्ट', 'दुष्ट'. 'कष्ट' म्हणताना ट यायच्या आधी थांबा, ष लांबवा. जिभेचं टोक वर आणि मागं आहे ना? हाच रशियन ष. आता तोच चालू ठेवून घसा सुरू करा, गळ्यावर बोटं ठेवून थरथर बघा: झ़. मालवणच्या मुलीनं पहिल्या झटक्यात काढला आणि स्वतःच दचकली.

याआधी तीच 'झ़ार'ला 'झाड'मधला झ लावत होती. तिथं जीभ आधी टेकते आणि मग घासते. रशियन आवाजात टेकायचंच नाही. ज़ चंही तेच. 'जहाज'मधला ज टेकून सुटतो, ज़ नुसता घासतो. स लांब धरून त्यात घसा मिसळला की येतो. 'ज़ूप' म्हणजे दात. 'जूप' म्हटलं तर डॉक्टर परदेशी आहे हे कळतं, बाकी काही बिघडत नाही. 'झ़ार' आणि 'षार' मिसळले तर मात्र बिघडतं.

रशियन ष-झ़ कधीच टाळूकडं जात नाहीत, पुढं इ लिहिलेला असला तरी वाचायचा इ॒. पोट: 'झ़ि॒वो॑त'. खोकला: 'का॑षि॒ल’'.

टाळूवरचा लांब श हा वेगळा ध्वनी, वेगळं अक्षर. तो मराठी श ला जवळचा, फक्त दुप्पट धरायचा: श्श. बाईंच्या आजोळी जुनी माणसं तो 'श्च' म्हणत, ती पीटर्सबर्गची जुनी ढब. आता सगळीकडं श्श. आज बाईंनी थायरॉइड ग्रंथीचं नाव रेकॉर्ड केलं: 'श्शितावी॑दनया झ़ि॒ल’इज़ा॑'. एकाच नावात श्श, झ़, इ॒, ल’, ज़. हा शब्द परीक्षेलाच ठेवायचा.

२८ मे

टाळूची व्यंजनं. संचाचा अर्धा जीव इथं आहे, म्हणून या आठवड्यात दुसरं काही केलं नाही.

मराठी माणूस इथं एकच गोष्ट करतो: व्यंजन म्हणतो, मग य म्हणतो. एकामागून एक. रशियनमध्ये ते एकाच वेळी घडतं. ओठ म साठी मिटलेले असतानाच आत जिभेची पाठ इ च्या जागी वर गेलेली असते. म सुटतो तेव्हा य साठी काही शिल्लक राहत नाही.

आणि य खरोखर वेगळा असतो, तो घातला की शब्दच बदलतो. 'स’ए॑म’आ' म्हणजे बी, 'स’इम’या॑' म्हणजे कुटुंब. 'स’एल' म्हणजे बसला, 'स्येल' म्हणजे खाल्लं. पेशंटची हकीगत लिहून घेताना जेवला की बसला हे कळायला हवं.

सराव कसा द्यायचा यावर बाईंशी बराच वेळ बोलणं झालं. त्या म्हणतात, लहानपणी कुणी शिकवलं नाही, त्यामुळं त्यांना सांगता येत नाही. शेवटी वाट सापडली ती शब्दाच्या शेवटाला. शेवटी स्वरच नसतो, म्हणून य ला उभं राहायला जागा मिळत नाही. तोंडात मुकाट्यानं इ ची जीभ लावायची, तशीच ठेवून ओठ मिटायचे: म’. 'स’एम’', सात. मग 'सोल’', मीठ. मग 'बोल’', दुखणं. मुलं सुरुवातीला शेवटी बारीकसा इ लावतात, 'सेमी', 'सोली'. तो कापायला सांगायचं: जीभ तिथंच ठेवून आवाज बंद.

सगळ्यात चांगली जोडी बाईंनी दिली. 'क्रोफ़' म्हणजे छप्पर, आसरा. 'क्रोफ़’' म्हणजे रक्त. अकोल्याचा मुलगा तासभर रक्ताऐवजी छप्पर मागत होता. मग अचानक बरोबर आलं आणि पुन्हा गेलं. असंच होतं. प्राटमध्ये दाखवलं तेव्हा त्याला पटलं. (प्राट म्हणजे ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या बूर्स्मा आणि वेनिंक यांनी केलेला ध्वनी तपासायचा फुकट प्रोग्राम.) टाळूच्या व्यंजनाकडं जाताना स्वराची दुसरी पट्टी (चित्रातला खालून दुसरा गडद पट्टा) वर चढते, साध्याकडं जाताना खाली राहते. त्याच्या दोन्ही रेकॉर्डिंगमध्ये ती सपाट होती. डोळ्याला दिसलं की कान मागोमाग येतो, निदान त्याच्या बाबतीत तरी.

४ जून

टाळूचा र’. पुस्तकांत सगळ्यांत अवघड म्हणून गाजलेला, आणि मराठीला तिथं भलतीच सवलत आहे. आपल्याकडं 'दर्या' आणि 'दऱ्या' वेगळे. समुद्राच्या दर्यात र आधीच्या अक्षराला चिकटतो, द वर जोर येतो. डोंगराच्या दऱ्यांत र आणि य मिळून पुढं जातात, द हलका राहतो. तो अर्धचंद्राचा ऱ्य रशियन र’ च्या अगदी दारात नेऊन सोडतो. 'सुऱ्या', 'वाऱ्या', 'साऱ्या' म्हणत य कमी कमी करत जायचं. बरगड्या: 'र’ओ॑ब्रा'. दिवसातून तीनदा: 'त्र’इ रा॑ज़ा व द’एन’'. औषधाच्या चिठ्ठीसाठी हे वाक्य रोजचंच.

र थरथरवत बसायचं नाही. जीभ टाळूकडं उचललेली असताना लांब थरथर होतच नाही, एक टिचकी पुरे. शब्दाच्या शेवटी, 'द्व’एर’' (दार) मध्ये, चौघांचंही अजून श-ज़ सारखं काहीतरी होतं. तिथं काम बाकी.

१३ जून

ल. साधा रशियन ल जाड आहे, आणि जाड ल म्हटलं की मराठी जीभ ळ कडं वळते. दोन्हींत फरक असा की ळ ला टोक मागं वळतं आणि सुटताना फडफडतं. रशियन ल ला टोक वरच्या दातांवर घट्ट आणि मागचा भाग उ सारखा उचललेला. म्हणून सूचना: 'ऊ' म्हणा, मागचं काही हलवू नका, फक्त टोक दातांना लावा.

गंमत अशी की अकोल्याच्या मुलाला हा त्रासच झाला नाही. घरी तो डोळ्याला 'डोया' म्हणतो, काळ्याला 'काया'. त्याच्या तोंडात ळ वाट अडवायला बसलेलाच नाही. नाशिकची मात्र 'गलावा॑' (डोकं) ऐवजी 'गळावा' म्हणत राहिली.

जोडी: 'ऊ॑गल' कोपरा, 'ऊ॑गल’' कोळसा. रशियात पोट बिघडलं की कोळशाच्या काळ्या गोळ्या घेतात, घरोघरी असतात. तेव्हा ही जोडी पुस्तकी नाही. प्राटमध्ये साध्या ल ची दुसरी पट्टी १००० हर्ट्झच्या आसपास आणि ल’ ची २००० च्या आसपास दिसते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आपला 'लाल'मधला ल या दोन्हींच्या मधे कुठंतरी बसतो, आणि म्हणूनच रशियन कानाला तो कुठलाच वाटत नाही.

२२ जून

पाऊस. गच्चीवरचे पत्रे वाजतात, रेकॉर्डिंग बंद. जुन्या फायली कापल्या.

३ जुलै

आघात. मराठीत शब्दाचा अर्थ आघातानं बदलत नाही, त्यामुळं मुलांना तो 'स्टाईल' वाटतो. 'ज़ा॑मक' किल्ला, 'ज़ामो॑क' कुलूप. 'मू॑का' यातना, 'मूका॑' पीठ. यावर कुणी फार लक्ष दिलं नाही. मग बाईंनी 'पिसा॑त’' आणि 'पी॑सत’' सांगितलं: पहिलं लिहिणं, दुसरं लहान मुलाच्या भाषेत शू करणं. यापुढं आघात चुकणार नाही.

आघात नसलेला स्वर झिजतो. लिहिलेलं 'मोलोको', म्हणायचं 'मलाको॑' (दूध). आघाताआधीचा ओ आखूड आ होतो, त्याच्याही आधीचा जवळजवळ अ. इथं देवनागरी रोमन लिपीपेक्षा फारच कामाची, कारण अ आणि आ आपल्याकडं वेगळे लिहिलेले आहेत. 'ख़राषो॑' असं लिहून दिलं की मूल बरोबर वाचतं, समजावून सांगावं लागत नाही. ख़ वेगळा शिकवला: ख सारखं अडवून सोडायचं नाही, घशाशी नुसतं घासायचं. उर्दू गझला ऐकणाऱ्या नाशिकच्या मुलीला तो येतच होता.

आघात जागाही बदलतो. डोकं 'गलावा॑', पण कर्म झालं की 'गो॑लवू', आणि सगळे स्वर पुन्हा नवे. अशा शब्दांचा वेगळा गट करायला हवा, इथं मावणार नाही.

११ जुलै

शब्दाच्या शेवटी घोष व्यंजन अघोष होतं: लिहिलेलं 'ख़्ल’एब' (पाव), म्हणायचं 'ख़्ल’एप'. मुलांना नियम सांगितला, झालं. यात अवघड काही नाही, फक्त आठवण ठेवायची.

व ला जास्त वेळ लागला. मराठी व ला ओठ दातांना घासत नाही. रशियन व ला खालचा ओठ वरच्या दातांना घासलाच पाहिजे. लावायला सांगितलं की मुलं 'व्ह' म्हणतात, मधे ह घुसवतात. ही वर्तमानपत्रांची देणगी. आपण 'गोर्बाचेव्ह' आणि 'ख्रुश्चेव्ह' वाचत मोठे झालो. ते स्वतः 'गर्बाचो॑फ़' आणि 'ख़्रुश्शो॑फ़'. रशियनमध्ये ए च्या अक्षरावर दोन टिंबं दिली की ओ होतो, पण ती टिंबं छापायचा कंटाळा करतात. इंग्रजीनं टिंबांशिवाय उचललं, आपण इंग्रजीतून. टॉलस्टॉयचे दोन्ही ट सुद्धा इंग्रजीतूनच आले, मूळ उच्चार 'ताल्स्तो॑य', स्वच्छ दातांवरचे त. इतका मराठीला सोयीचा शब्द आपण विनाकारण टणक करून ठेवलाय.

२५ जुलै

पुरुष आवाज मिळाला, गोव्यात मोरजीला राहणारा रशियन योग-शिक्षक. मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवतो. दर्जा मध्यम, बोलणं बाईंपेक्षा भरभर, आणि तेच हवं होतं. मुलांचे ऐकण्याचे गुण पहिल्यांदा धाडकन खाली आले, मग चढले.

वाक्यं सुरू. डॉक्टरचं पहिलं वाक्य, काय तक्रार आहे: 'ना ष्तो झ़ा॑लुयित’इस’?' शिवाय जीभ वळवायला म्हणी. 'ष्ला सा॑षा पा षासे॑' ही स आणि ष साठी. 'ये॑ख़ल ग्र’ए॑का' ही साधा र आणि टाळूचा र’ एकाआड एक येण्यासाठी. लातूरच्या मुलानं बदल्यात बाईंना 'काळे राळे गोरे राळे' म्हणायला लावलं. बाई दुसऱ्या राळ्यावरच हरल्या.

९ ऑगस्ट

शेवटची चाचणी. ओळखीचे शब्द दिले तर मुलं अर्थावरून ओळखतात, म्हणून निरर्थक शब्द बनवले. कल्पना श्शेर्बांची: व्याकरण शिकवायला त्यांनी 'ग्लो॑कया कू॑ज़्द्रा'पासून सुरू होणारं वाक्य केलं, ज्यातल्या एकाही शब्दाला अर्थ नाही आणि तरी रशियन माणसाला कोण कुणाला काय करतंय ते कळतं. आमच्या शब्दांना व्याकरणही नाही, नुसते ध्वनी.

ऐकण्यात: ष-झ़, इ-इ॒, ल-ल’ पक्के. त-त’ आणि न-न’ चांगले. प-प’, फ़-फ़’ शब्दाच्या शेवटी अजून डळमळीत. ते समजण्यासारखं आहे. ओठांची व्यंजनं सुटताना आतल्या जिभेचा आवाज फार थोडा बाहेर येतो.

बोलण्यात बाईंनी डोळे मिटून गुण दिले. मालवणची सगळ्यांत पुढं. अकोल्याच्या मुलाचं रक्त दर वेळी रक्तच आलं. थायरॉइड कुणालाच एका दमात जमलं नाही. बाईंच्या मते त्यांच्या ओळखीतल्या कितीतरी रशियनांनाही जमत नाही.

२१ ऑगस्ट

पहिली आवृत्ती मुलांच्या फोनवर गेली. क्रम असा ठेवला: टाळूची व्यंजनं शब्दाच्या शेवटी, मग स्वरांआधी, मग य सह जोड्या, त्यानंतर ष-झ़-ज़, इ॒, ल, आणि आघात अगदी पहिल्यापासून सगळीकडं. क, त, प वर एकही पान नाही.

राहिलेलं: आघात हलणाऱ्या शब्दांचा गट. शेवटचा र’ साठी आणखी दहा-बारा शब्द, महिन्यांची नावं घेता येतील, सप्टेंबर ते डिसेंबर आणि शिवाय जानेवारी, सगळ्यांच्या शेवटी तोच येतो. मोरजीच्या आवाजातले ल पुन्हा मागवायचे आहेत, बऱ्याच फायलींत मागं स्कूटर आहे.